सुडो टाकण्याआधी

लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातलंस, बरं केलंस. आता विंडोजवरची सवय सोड: नाव गुगल करायचं, समोर येईल त्या साइटवरून फाइल उतरवायची आणि डबल क्लिक. इथे आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये बघायचं, नाहीतर टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’. व्हीएलसी, गिंप, लिब्रेऑफिस सगळं तिथेच आहे. त्या भांडारावर डिजिटल सही असते आणि एपीटी ती स्वतः तपासतं. वाटेत कुणी पॅकेज बदललं, तर ते अडून बसतं. अशा वेळी तो इशारा गप्प करायची युक्ती शोधत बसू नकोस.

सिस्टिम घालण्याच्या आयएसओ फाइलचंही तेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच वेबसाइटमध्ये घुसून कुणीतरी १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलली आणि लोकांना चोरदरवाजा असलेली आयएसओ मिळाली. नुसता चेकसम जुळला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण लिंक बदलणारा त्याच पानावरचा चेकसमही बदलू शकतो. चेकसमच्या फाइलवरची सही तपास.

‘कर्ल’ने स्क्रिप्ट आणून थेट ‘सुडो बॅश’ला पाजणारी ती एका ओळीची कमांड मला मुळीच आवडत नाही. आधी फाइल उतरव, वाच, मग ठरव. कुणाचाही पीपीए, म्हणजे त्याचं खासगी पॅकेज-भांडार, जोडतानाही थांब. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या हक्काने चालतात, म्हणजे पुढच्या प्रत्येक अपडेटला त्या अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली. आणि ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की लगेच सुडो किंवा सगळ्यांना सगळे हक्क देणारं ७७७ नको. नकार का आला ते आधी बघ.

आता खरी गोम. सही म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात एकाने दोनेक वर्षं नेटाने काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवाल्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. (अर्ध्या सेकंदासाठी हटून बसणारी माणसं मला फार आवडतात.) डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तेव्हा जुनंच एक्सझेड होतं, ते वापरणारे वाचले. म्हणून आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी नाक मुरडू नकोस. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आकड्याखाली येत राहतात, फक्त अपडेट मॅनेजर सांगेल तेव्हा त्या घे.

फायरवॉल मिंटमध्ये असते, पण बंद. ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ एकदा टाकून ठेव. टाइमशिफ्टही लाव, बिघडलेली सिस्टिम ते परत आणतं. मात्र होम फोल्डर ते मुळात धरत नाही, तेव्हा फोटो आणि प्रोजेक्टची प्रत वेगळ्या डिस्कवर काढ, आणि काढून झाली की डिस्क लॅपटॉपपासून सोडव.