पडताळा

गावात कुणाला कावीळ होते. कुणीतरी रानातला पाला आणून देतो. महिनाभराने माणूस उठून कामाला लागतो. झालं! पाल्याने गुण आला, असे गावभर होते.

आम्ही त्या पाल्याला नावे ठेवत नाही. पण एक विचारतो. पाला घेतला नसता, तर तो माणूस उठला नसता का? पुष्कळांची कावीळ आपली आपण उतरते. मग हा गुण पाल्याचा, की दिवस गेल्याचा? नुसते बघून हे सांगता येत नाही. त्याचा पडताळा घ्यावा लागतो.

संशोधन, संशोधन म्हणतात ते मुख्यतः हेच. चित्रात दाखवतात ते निराळे. एक चष्मेवाला गृहस्थ काचेच्या नळीत रंगीत पाणी ओततो आहे, असे चित्र आपण बघतो. नळ्या असतात हे खरे. पण खरे काम पडताळ्याचे आहे, आणि ते पुष्कळदा शेतात, तुरुंगात किंवा गरिबांच्या खोलीतसुद्धा झालेले आहे.

शेतापासून सुरुवात करू. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते.

समजा, नवे बियाणे आले. तुम्ही ते ओढ्याकडच्या तुकड्यात पेरले, आणि जुने पेरले माळाकडे. सुगीला नवे जास्त उतरले. पण उतरले ते बियाण्याने, की ओढ्याच्या गाळाने? भाऊभाऊ यावर दिवसभर भांडतील आणि दोघांचेही बरोबर वाटेल.

इंग्लंडात रॉदमस्टेड म्हणून एक जुने शेती-संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचे गणिती कामाला लागले. त्यांनी या भांडणावर तोड काढली. शेताचे पुष्कळ लहान वाफे पाडायचे. कोणत्या वाफ्यात नवे बी आणि कोणत्यात जुने, हे आपल्या मनाने ठरवायचे नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीला ओढा ठाऊक नसतो आणि माळही ठाऊक नसतो. त्यामुळे चांगली-वाईट जमीन दोन्ही बियाण्यांच्या वाट्याला सारखी येते. मग सगळ्या वाफ्यांचे माप घ्यायचे. एवढे करून नवे बी सरस ठरले, तर ते खरोखर सरस.

उसाचा ‘८६०३२’ हा वाण आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? पण त्या आकड्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याचे पुरे नाव ‘को. ८६०३२’. ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथे १९१२ साली ऊस-पैदास केंद्र निघाले, कारण त्या हवेत उसाला तुरा चांगला येतो. तुरा आल्याशिवाय दोन जातींचा संकर करता येत नाही. वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथे गोड उसाचा संकर रानटी गवतासारख्या उसाशी केला. रानटी उसात साखर नाही, पण काटकपणा भरपूर. दोन्ही गुण एका कांडीत आणायचे होते आणि ते आले.

आता आकडा वाचा. ८६ म्हणजे १९८६ साल. पुढचा ०३२ हा त्या सालातला अनुक्रम. परंतु हा वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी जाहीर झाला तो १९९६ साली. ही मधली दहा वर्षे वाफ्यांत गेली. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने तो पारखून घेतला. उतारा किती, साखर किती, खोडवा कसा येतो, हे सारे बघितले. दहा वर्षे ऐकून नवल वाटते. पण ऊस काही मेथीची भाजी नव्हे. लागण आणि खोडवा बघायचा तर एका फेऱ्यालाच दोन-अडीच वर्षे जातात.

बियाण्याचा प्रयोग फसला, तर हंगाम बुडतो. औषधाच्या प्रयोगात माणसाचा जीव असतो. म्हणून तिथे काळजी जास्त.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. काखेत नाहीतर जांघेत गाठ उठायची, ताप चढायचा आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. लोक मुंबई सोडून पळत सुटले. त्या वेळी वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांना सरकारने मुंबईला पाठवले. ते मूळचे ओडेसा शहराचे. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी प्लेगची लस तयार केली. मग १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि उतरले.

यावरून लस जीव घेत नाही, एवढेच कळले. ती प्लेग अडवते की नाही, हे कुठे कळले?

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारले, कोण टोचून घेतो? जवळजवळ निम्मे पुढे आले. निम्मे राहिले. काहींच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. त्यांना टोचले त्याच दिवशी गाठ दिसली. त्यांना हिशोबात धरले नाही. बाकीच्यांवर नजर ठेवली. अन्न तेच, पाणी तेच, भिंती त्याच. फरक फक्त सुईचा. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ जण दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच झाला, आणि दोघेही वाचले.

आजच्या रीतीने बघितले तर यात एक उणीव आहे. इथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. जे पुढे आले ते आपल्या मनाने आले. कदाचित तेच मुळात धडधाकट असतील, असे कुणी म्हणेल. म्हणू द्यावे. असे विचारणारा माणूस संशोधनाला लागतोच. शिवाय कैद्याला ‘नाही’ म्हणणे कितपत सोपे होते, हाही प्रश्न आहेच. आज लेखी परवानगीवाचून असा प्रयोग करता येत नाही.

लस झाली, पण प्लेग माणसाच्या अंगात येतो कसा? पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत सांगितले, की उंदरावरची पिसू चावून तो येतो. पुष्कळांनी ते मानले नाही. मग १९०५ सालापासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत त्याचा पडताळा झाला. प्लेगच्या घरात गिनीपिग नावाच्या प्राण्यांचे दोन पिंजरे ठेवत. एक पिंजरा उघडा. दुसऱ्याला इतकी बारीक जाळी, की हवा आत जावी पण पिसू जाऊ नये. उघड्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, जाळीतल्यांना झाला नाही. हवा तर दोघांना एकच होती! तेव्हा दोष हवेचा नव्हे. परळची ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था.

आता धरणाचे काय? धरण काही निम्म्या नदीला बांधून निम्मी नदी तशीच ठेवता येत नाही. तिथे इंजिनियर दुसरी युक्ती करतात. पुण्याजवळ खडकवासल्याला पाण्याच्या कामाचे एक मोठे संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ साली झाली. तिथे मोठमोठ्या छपरांखाली नद्यांच्या प्रतिकृती करतात. वळणे तीच, चढ-उतार तेच, पण सगळे लहान. त्यावर लहानसे धरण बांधून पूर सोडतात आणि पाणी कुठे माती खाते ते बघतात. खाल्ली तर रेती-सिमेंटचे चार घमेल्यांचे नुकसान. बांध पुन्हा घालता येतो.

राहिला क्षय, म्हणजे टी. बी. या रोगाने आजही आपल्या देशात घरे बसतात. पूर्वी असे समजत, की क्षयाच्या रोग्याला मोकळ्या हवेच्या रुग्णालयात नेऊन ठेवले पाहिजे. दूध, अंडी, विश्रांती हवी. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असे आरोग्यधाम होते. पण रोगी लाखो आणि खाटा थोड्या. मग गरिबाने काय करावे?

१९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एक केंद्र निघाले. दाट वस्तीतले १९३ गरीब रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या त्या रीतीने त्यांचे दोन भाग केले. एका भागाला आरोग्यधामात ठेवले. दुसरा भाग आपल्या घरीच राहिला, त्याच कोंदट खोलीत, त्याच अपुऱ्या जेवणावर. औषध मात्र दोघांना एकच, वर्षभर.

वर्षाने थुंकी तपासली. आरोग्यधामातले शंभरात ९२ आणि घरचे शंभरात ८६ जण रोगातून सुटले होते. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. आरोग्यधामातल्यांचे वजन जास्त वाढले, हे खरे. पण जंतू मारले ते गोळ्यांनी.

एक भीती उरली होती. रोगी घरात ठेवला, तर बायकापोरांना लागण होणार नाही का? म्हणून त्या घरांवर पाच वर्षे नजर ठेवली. रोगी घरी राहिला म्हणून घरच्यांत क्षय वाढला, असे दिसले नाही. औषध सुरू होण्याआधीच जी लागण व्हायची ती होऊन गेलेली असते.

तेव्हापासून क्षयाचा रोगी घरी राहून बरा होऊ लागला. जगभर हीच रीत पडली. पुढे औषधे सुधारली आणि मुदतही कमी झाली. साध्या क्षयाला आता सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते आणि माणूस गोळ्या सोडून देतो. तसे करू नये. आत उरलेले जंतू मग त्या गोळ्यांना जुमानत नाहीत. आणि घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासायला द्यावी. त्यालाही पैसे पडत नाहीत.