अन्ननलिकेचा कॅन्सर: दाहाच्या तपासण्यांवर किती खर्च करावा?

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातली माणसं दोन गोष्टी विचारतात. पेशंट यातून उठेल का, आणि पैसे किती लागतील? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या महागड्या रक्ततपासणीत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. मोबाइलवर शोधलं की इंटरल्यूकिन-६, सायटोकाइन पॅनेल अशी नावं समोर येतात, आणि घाबरलेला माणूस खिशाकडे पाहत नाही. म्हणून आधीच सांगतो. या आजारात जगभर सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले दाहाचे निर्देशक साध्या सीबीसी, सीआरपी आणि अल्ब्युमिन या तीन तपासण्यांतून निघतात. नाशिकच्या खासगी लॅबमध्ये तिन्हींचे मिळून साधारण हजार रुपये होतात. सरकारी रुग्णालयात काहीच लागत नाही.

मुळात कॅन्सर आणि दाह यांचा संबंध काय? गाठ वाढत असताना शरीर तिच्याभोवती सतत दाहाची स्थिती ठेवतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि त्यांच्यातून निघणारी रसायनं गाठीला पसरायला मदत करतात. गाठीशी लढणाऱ्या लिम्फोसाइट मात्र कमी होतात. त्याच वेळी यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं आणि अल्ब्युमिन कमी. अन्ननलिकेच्या पेशंटला घासच गिळता येत नसल्यामुळे उपासमारीची भर पडते आणि अल्ब्युमिन आणखी घसरतं. उपचारांआधी ज्यांचे हे आकडे बिघडलेले असतात, त्या गटातले पेशंट सरासरीने कमी काळ जगतात आणि त्यांना ऑपरेशननंतरचा त्रासही जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गणित घरीच करता येतं. सीबीसीच्या कागदावर न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील, तर ७२ भागिले १८, म्हणजे ४. याला न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर म्हणतात, डॉक्टर ‘एनएलआर’ म्हणतील. ते काढण्यासाठी वेगळे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका. प्लेटलेटची संख्या लिम्फोसाइटच्या संख्येने भागली की दुसरं गुणोत्तर मिळतं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी रूढ केलेली मोजणी आणखी सोपी आहे. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शून्य गुण, त्यापेक्षा जास्त असेल तर एक, आणि सीआरपी जास्त असून अल्ब्युमिनही डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर दोन. गुण जितके जास्त, तितकी काळजी जास्त.

आता दर. सीबीसीला २०० ते ४०० रुपये, सीआरपीला ४०० ते ६००, नुसत्या अल्ब्युमिनला १५० ते २५०. अल्ब्युमिन यकृताच्या पूर्ण तपासणीत, म्हणजे एलएफटीमध्ये, असतंच. ती केमोथेरपीआधी करावीच लागते, तेव्हा अल्ब्युमिनचे पैसे पुन्हा भरू नका. हे आकडे अंदाजाचे आहेत. गंगापूर रोडवरची लॅब आणि नाशिक रोडवरची लॅब यांच्यात फरक पडतो, घरी येऊन रक्त नेण्याचे पैसे वेगळे लागतात. दोन ठिकाणी फोन करून विचारा, त्यात संकोच कसला? इंटरल्यूकिन-६ला दीड ते तीन हजार लागतात. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये त्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत. डॉक्टरांनी वेगळं, स्पष्ट कारण सांगितलं नाही, तर तो खर्च टाळावा असं माझं ठाम मत आहे.

स्वस्त तपासणीतही फसगत होऊ शकते. काही छोट्या लॅबमध्ये पांढऱ्या पेशींचे फक्त तीन भाग मोजणारं यंत्र असतं. त्या रिपोर्टवर न्यूट्रोफिलऐवजी ग्रॅन्युलोसाइट असा एकत्र आकडा येतो, त्यावरून गुणोत्तर नीट निघत नाही. ‘फाइव्ह पार्ट आहे का?’ एवढं काउंटरवर विचारलं की पुरे. सीआरपी काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे, आणि दोन्हींत दहापट अंतर आहे. डेसिलिटरमागे १.२ हा आकडा दिसायला लहान, पण तो लिटरमागे १२ होतो, म्हणजे वाढलेलाच. एचएस-सीआरपी ही हृदयविकाराच्या जोखमीसाठीची जास्त महाग तपासणी आहे, तिची इथे गरज नाही. आणि रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही आहे का ते पाहा. पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलं आहे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. उपचार सुरू होण्याआधीची पहिली सीबीसी जपून ठेवा. केमोथेरपीआधी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने न्यूट्रोफिल वाढतात. रेडिएशनने लिम्फोसाइट झपाट्याने घटतात. पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शनं दिली तर आकडे भलतीकडे जातात. उपचारांच्या मधल्या काळात गुणोत्तर दुप्पट झालं म्हणून ‘आजार पसरला’ असं समजून रडारड करणारी घरं असतात. त्यांना कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं. दाताचं गळू, छातीतला कफ, लघवीचा संसर्ग यांनीही सीआरपी चढतो. ताप असताना काढलेल्या आकड्यावर पुढचं भाकीत करू नये.

एनएलआर किती असला म्हणजे वाईट? वेगवेगळ्या अभ्यासांनी दोनपासून पाचपर्यंत वेगवेगळ्या रेषा धरल्या आहेत. एकमताचा आकडा नाही. शिवाय हे सारं गटाबद्दलचं ज्ञान आहे. तुमच्या वडिलांचा आकडा सहा आला म्हणून त्यांचे महिने मोजता येत नाहीत. या आकड्यावरून कोणी उपचार नाकारत असेल, किंवा तुम्हीच ‘आता कशाला पैसे घालायचे’ असं म्हणत असाल, तर थांबा. आजार कुठपर्यंत गेला आहे हे एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी आणि गरजेनुसार पेट-सीटीवरून कळतं. बायोप्सीसह एंडोस्कोपीला खासगीत तीन ते सहा हजार, पेट-सीटीला दहा ते वीस हजार लागू शकतात. पैसे जपून ठेवायचे ते इथे. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीत ऑपरेशनआधी पाच आठवडे केमो आणि रेडिएशन दिलेल्या गटाचं मध्यक (मीडियन) आयुष्य ४९ महिने होतं, नुसतं ऑपरेशन झालेल्या गटाचं २४. हा २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. योग्य वेळी मिळालेल्या उपचारांनी एवढा फरक पडू शकतो.

मग आकड्यांचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग आहारात आहे. अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी जास्त दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. कुठे संसर्ग आहे का? आणि पोटात अन्न कसं पोचवायचं? घास उतरत नसेल तर नाकातून रायल्स ट्यूब किंवा पोटातून नळी बसवून घरचं पातळ अन्न देता येतं. दूध, मुगाचं वरण गाळून, अंडं, नाचणीची पेज हे आहारतज्ज्ञाने ठरवलेल्या प्रमाणात द्यावं. नळी बसवणं म्हणजे शेवट आला, असं अनेकांना वाटतं. उलट उपचार झेपावेत म्हणूनच ती असते. ‘अल्ब्युमिन कमी आहे, बाटली चढवा’ हा नातेवाइकांचा आग्रह मात्र सोडून द्यावा. काही हजारांची ती बाटली आकडा थोडा काळ वर नेते, पोषण देत नाही. दाह कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल आणि काढ्यांचंही तसंच. त्यांनी सीआरपी उतरला तरी त्यामुळे माणूस जास्त जगतो असं सिद्ध झालेलं नाही.

नाशिककरांनी सुरुवात कुठे करावी? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार आणि तपासण्या १५ ऑगस्ट २०२३पासून निःशुल्क आहेत, आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय त्यात मोडतं. सुरगाणा, पेठ, कळवणहून येणाऱ्यांनी आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रक्त देऊन रिपोर्ट सोबत आणावा, म्हणजे शहरात तीच तपासणी दुसऱ्यांदा होणार नाही. मुंबई नाक्यावरचं एचसीजी मानवता किंवा घोटीजवळचं एसएमबीटी अशा रुग्णालयात जायचं असेल, तर पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. अन्ननलिकेचं ऑपरेशन, रेडिएशन आणि केमो यांपैकी काय त्या रुग्णालयात योजनेतून होतं, हे स्पष्ट विचारून घ्या. दाखल होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुधा तुमच्याकडेच राहतो. खासगी विमा असेल तर त्या तपासण्यांची बिलंही फेकू नका. बऱ्याच पॉलिसी दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांचा संबंधित खर्च देतात.

परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते निघण्याआधी घ्या. जन आरोग्य योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवून, पहिली तपासणी करण्याआधीच तिथे फोन करा.