चोक काढला की बंद पडतो!

सेकंड इयरला ‘आय.सी. इंजिन्स’चा पेपर मला छान गेला होता. ऑटो सायकलची पी-व्ही आकृती मी आजही डोळे मिटून काढेन. पण गेल्या मे महिन्यात दापोलीजवळ आजोळी गेले आणि एका साध्या जनरेटरने माझी सगळी हवाच काढली!

झालं असं, की मामाने २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. पुढे तो फारसा लागला नाही, म्हणून टाकीतल्या पेट्रोलसकट दीड-दोन वर्षं पडवीत गोणपाटाखाली पडून राहिला. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, लाईट गेली. घरात पाहुणे बारा आणि टाकीत पाणी नाही. आजी म्हणाली, “काळजी कशाला? आमची इंजिनिअर आहे ना घरात!”

इंजिनिअरने दोरी ओढली. वीस वेळा ओढली. शेवटी पूर्ण चोकवर तो सुरू झाला. चोक अर्धा केला की आवाज वर-खाली, वर-खाली. पूर्ण काढला की बंद. मी घाईघाईने नवा प्लग आणून बसवला, ऑइल बदललं, दिसेल तो स्क्रू फिरवला. फरक शून्य. तिकडे सत्तरीतली आजी विहिरीवर दोर ओढत होती आणि इकडे मी. तिला निदान दर खेपेला एक कळशी पाणी मिळत होतं!

मामा म्हणाला, “अगं, आधी काय झालंय ते बघ, मग पाना हातात घे.” तेव्हा मी खाली बसून शांतपणे विचार केला. तोच विचार इथे मांडते.

लक्षण काय सांगतं?

चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचं झाकण. ते लावलं की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिन फक्त चोकवर चालतं याचा अर्थ एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय. मिश्रण लीन आहे. साध्या पेट्रोलच्या १ किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरमध्ये हे प्रमाण सांभाळतात ते पितळी जेट, आणि त्यांचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा गोंदासारखा थर बसतो. तो जेटमध्ये बसला की संपलं!

आवाज वर-खाली का होतो? स्पीड पडला की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, स्पीड वाढला की बंद करतो. मिश्रण लीन असेल तर त्याला मधली जागा सापडतच नाही. यालाच ‘हंटिंग’ म्हणतात. टू-पोल अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएम लागतात. म्हणून हंटिंग चालू असताना पंप किंवा फ्रिज जोडू नका.

तपासायचा क्रम (सोप्याकडून अवघडाकडे)

१. पेट्रोल: थोडं काचेच्या बाटलीत काढा. वॉर्निशसारखा वास आला किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर सगळं काढून ताजं भरा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर विचारूच नका.

२. ऑइल: बऱ्याच फोर-स्ट्रोक जनरेटरमध्ये ऑइल कमी झालं की स्पार्कच बंद करणारा सेन्सर असतो. जनरेटर सपाट जागी ठेवून लेव्हल बघा.

३. हवा: फिल्टरचा स्पंज कुजलाय का? सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का? हसू नका, आमच्याकडे केलं होतं!

४. प्लग: काळा, काजळीचा असेल तर मिश्रण रिच. पांढरट असेल तर लीन. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. स्पार्क बघताना प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, पण सांडलेल्या पेट्रोलपासून आणि प्लगच्या भोकापासून लांब.

५. कार्ब्युरेटर: कॉक बंद करून खालची वाटी काढा. आमच्या वाटीत पिवळट चिकटा होता. जेट काढून उजेडाकडे धरा. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. आमच्या छोट्या जेटमधून काहीच दिसेना! कार्ब्युरेटर क्लीनर मारा (डोळ्यांवर चष्मा हवाच) आणि सायकलच्या पंपाने हवा द्या. पिन किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. अगदीच वेळ आली तर वायरीतला तांब्याचा एक केस वापरा.

आणि मुख्य नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चालवून बघा. मी तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्वतःच गोंधळले.

जेट बसवला, ताजं पेट्रोल भरलं. तिसऱ्या दोरीला सुरू! चोक काढला, तरी चालूच. मी ऐटीत म्हटलं, “मामा, मिक्श्चर लीन झालं होतं.” मामा म्हणाला, “म्हणजे कचरा अडकला होता ना?” अर्ध्या तासात टाकी भरली. आजीने काहीच म्हटलं नाही, फक्त माझ्या ताटात एक आंबा जास्त वाढला.

ठेवून देताना

महिन्याहून जास्त ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढा. शेवटी दोरी जड लागेपर्यंत हळूच ओढून सोडा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओलावा आत जात नाही. आणि जनरेटर कधीही घरात चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो भिंतीतल्या सॉकेटला जोडून घराला वीज देऊ नका, खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवर सुट्टीभर उभ्या राहणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या बाईक्सचंही हेच दुखणं. जूनमध्ये किका मारून घाम गाळण्यापेक्षा एप्रिलमध्ये पाच मिनिटं काढा. आणि तरीही चोक काढल्यावर बंद पडलीच, तर पाना घेण्याआधी एक मिनिट नुसतं ऐका. इंजिन आपलं दुखणं स्वतःच सांगत असतं!