पदवी लपवावी काय?

वाचन : प्रे. कृत्ये १८:१-३, २२:३

पदवी हाती असताना शिपायाच्या जागेसाठी अर्ज करावा काय, आणि केल्यास पदवी सांगावी काय? निपाणी-बेळगावकडील तरुणांपुढे हे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिल्याचे उत्तर पौलाच्या जीवनात आहे. गमलियेलाच्या चरणांजवळ शिकलेला हा विद्वान करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करीत असे. हाताच्या कामाने त्याची विद्या उणावली नाही.

दुसऱ्यासाठी एक खटला पाहा. पंजाब नॅशनल बँकेच्या जाहिरातीत शिपाई बारावी उत्तीर्ण असावा, पण पदवीधर नसावा, अशी अट होती. एका पदवीधराने पदवी दडवून निवड मिळवली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. अट अन्यायाची वाटली, तर तिला आव्हान द्यावयाचे होते. माहिती लपवावयाची नव्हती, असा त्याचा आशय आहे.

म्हणून जाहिरात नीट वाचावी. शिक्षणाला वरची मर्यादा असल्यास तेथे अर्ज करू नये. नसल्यास पदवी उघड लिहावी व हे काम आपणांस का हवे ते मुलाखतीत सरळ सांगावे. "हा टिकेल काय?" हीच मालकाची शंका असते.

चर्चेसाठी : कमी शिकलेल्यांकरिता राखलेल्या जागेवर पदवीधर बसला, तर कोणाचा घास जातो?