कळा आणायच्या ठरल्यात? मग दोन दिवसांची तयारी ठेवा

"मॅडम, तारीख होऊन चार दिवस झाले, अजून कळांचा पत्ता न्हाई. सुई मारून मोकळं करा की." हे माझ्या दवाखान्यात एका खुर्चीतून ऐकू येतं. त्याच दिवशी दुसऱ्या खुर्चीतल्या सासूबाई म्हणतात, "दिवस भरलं की बाळ आपसूक येतंय, कशाला औषधं घालताय पोरीला?" दोघींच्या बोलण्यामागे काळजीच असते. पण औषधानं कळा आणणं हे तासाभराचं काम नसतं, ही गोष्ट दोघींनाही कुणी नीट सांगितलेली नसते. पहिलटकरीण असेल आणि पिशवीचं तोंड घट्ट असेल, तर भरती झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत एक दिवस सहज जातो, कधी दोन दिवसही जातात. घरच्यांची जी घालमेल होते, ती बहुतेक वेळा हे आधी माहीत नसल्यामुळे होते.

सगळ्यात आधी डॉक्टरांना कारण विचारा. "कळा का आणायच्या?" हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सर्वात नेहमीचं कारण म्हणजे तारीख उलटणं. दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाच असतात, त्यामुळे तारीख होऊन दोन-चार दिवस गेले म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र ४१ आठवडे पूर्ण झाले की जास्त थांबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला. ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, ४१ व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात एकही नाही. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आता हे आठवडे मोजायचे तर तारीख बरोबर हवी. पाळीची तारीख अंदाजे सांगितलेली असते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख पुढे-मागे करू नये. भरती होताना तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद तो पहिल्या तीन महिन्यांतलाच.

बाकीची कारणं अशी: रक्तदाब वाढणं, साखर वाढणं, बाळाची वाढ खुंटणं, कळांशिवाय पाणी जाणं, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटून लिव्हरच्या तपासण्या बिघडणं. यांत कधी ३७ व्या, कधी ३८ व्या आठवड्यातही कळा आणाव्या लागतात आणि तिथे टाळाटाळ करणं धोक्याचं. अमावस्या टाळायची, गुरुपुष्य साधायचं, मुलाच्या वडिलांची रजा संपते आहे, ही कारणं मी मानत नाही. ३९ आठवड्यांच्या आधी विनाकारण बाहेर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येऊ शकते. पत्रिका नंतर मांडता येते.

कारण पटलं की दुसरा प्रश्न विचारा, "तोंड कसं आहे?" आतून तपासून आम्ही पिशवीच्या तोंडाला गुण देतो. तोंड किती उघडलंय, किती आखूड झालंय, मऊ आहे का, पुढे आलंय का मागे आहे, बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. १९६४ साली एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, आजही जगभर तीच वापरतात. गुण आठ किंवा त्याहून जास्त असतील तर कळा लवकर लागतात. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं आणि सगळा वेळ तिथेच जातो. नाकाच्या शेंड्याइतकं टणक असलेलं तोंड ओठांसारखं मऊ व्हायला औषधाला आणि शरीराला वेळ द्यावाच लागतो. हे गुण ऐकून घेतलेत तर पुढचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल.

तोंड मऊ करायच्या तीन पद्धती आपल्याकडे सर्रास वापरतात. जेल आत सोडतात. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, सोडल्यावर अर्धा तास पडून राहायचं आणि गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा. दुसरी पद्धत फोलीची. लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी, पण पिशवीच्या तोंडातून आत सरकवून तिचा फुगा सलाईनच्या पाण्यानं फुगवतात आणि नळी हलकेच ओढून मांडीला चिकटपट्टीनं लावतात. बसवताना अवघडल्यासारखं होतं, पाळीसारखं दुखतं, थोडं रक्तही दिसतं. पण मग तुम्ही उठून फिरू शकता, जेवू शकता. तोंड साधारण तीन सेंटिमीटर उघडलं की फुगा आपोआप निसटून बाहेर येतो. संडासला गेल्यावर नळी हातात आली म्हणून घाबरून ओरडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ती चांगली खूण आहे, सिस्टरांना सांगा. तिसरी पद्धत मिसोप्रोस्टॉलची गोळी, २५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे अगदी कणभर.

या शेवटच्या दोन पद्धतींची तुलना आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय इथे रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर हा अभ्यास झाला आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दर दोन तासांनी तोंडानं गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के आणि फोली लावलेल्यांपैकी ४७ टक्के बायका २४ तासांत नॉर्मल बाळंत झाल्या. गोळी सरस ठरली हे खरं. पण मी हे आकडे नातेवाईकांना सांगते ते वेगळ्याच कारणासाठी. सरस ठरलेल्या औषधानंही शंभरातल्या ४३ जणींना एकतर २४ तासांहून जास्त वेळ लागला, नाहीतर सिझर करावं लागलं. संध्याकाळी भरती करून सकाळी पेढे मागवायची घाई कुणी करू नये.

ही गोळी मेडिकलमधून आणून घरी घेऊ नका. बाजारात मिळणारी गोळी बहुतेक वेळा २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे आठपट. आधीचं सिझर असेल तर या गोळीनं जुन्या टाक्यावर पिशवी फाटू शकते, आणि मग आई व बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. एरंडेल पिऊन जुलाब करून घेण्याच्याही फायद्याची खात्री नसते, अंगातलं पाणी मात्र जातं.

मग येते सलाईन. त्यात ऑक्सिटोसिन असतं. आपला कोल्हापूर जिल्हा दुधाचा, त्यामुळे गोठ्यातल्या लोकांना हे औषध ठाऊक असतं. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात तेच हे. काही ठिकाणी कळा वाढाव्यात म्हणून बाईच्या दंडात किंवा कमरेतही तसंच टोचलं जातं, आणि याबद्दल मला फार पोटतिडकीनं सांगायचं आहे. बाळ बाहेर येण्याआधी कळांसाठी असं इंजेक्शन कधीही टोचून घेऊ नका. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. कळांवर कळा येतात, मधली उसंत जाते आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. सलाईनमधून दिलेलं औषध मात्र थेंब मोजून देतात, साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं वाढवतात, दहा मिनिटांत तीन-चार कळा येऊ लागल्या की तिथेच थांबतात. पाचपेक्षा जास्त आल्या तर थेंब कमी करतात किंवा बंदच करतात. बंद केल्यावर काही मिनिटांत जोर ओसरू लागतो. सलाईन चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावंच लागतं. पोटावर पट्टा बांधून यंत्राचा आवाज येत राहतो. तो मधेच बंद पडला तर बहुतेक वेळा पट्टा सरकलेला असतो, सिस्टरांना हाक मारा. आणि सलाईनची चाकी नातेवाईकांनी चुकूनही फिरवू नये. "लवकर व्हावं" म्हणून थेंब वाढवणारे हात मी पकडलेत.

तयारीचं बोलते. फाईल, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, रेशन कार्ड एका पिशवीत. सुती जुन्या साड्या, बाळाची धुतलेली झबली, पॅड, चार्जर, पाण्याची बाटली. खाणं हलकं, पण खायचंच. कळा जोरात सुरू होईपर्यंत पेज, मऊ भात, राजगिऱ्याचा लाडू, लिंबू सरबत चालतं. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तर उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी दोन दिवस कळा सोसवत नाहीत. आदल्या रात्री झोप काढा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे, ने-आणीसाठी १०२ ला फोन करायचा.

पावसाळ्यात तारीख असेल तर आणखी एक गोष्ट. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या घरांनी जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी बघत राहावं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेसुद्धा बंद पडला होता. कळा आणायचा दिवस ठरलेला असेल तर दोन दिवस आधीच शहरातल्या पाहुण्यांकडे येऊन राहा. ठरलेल्या बाळंतपणात ही एक सोय असते, ती वापरा.

दुखण्याबद्दल लपवून काही सांगत नाही. आपोआप येणाऱ्या कळा हळूहळू चढतात, शरीराला सवय होत जाते. औषधाच्या कळा कधी कधी एकदम जोरात सुरू होतात. त्यामुळे कळ नसतानाचं मिनिट विश्रांतीसाठी वापरायला शिका. जबडा सैल सोडा, श्वास लांब सोडा. पाठीवर उताणं पडून राहू नका. कुशीवर वळा, कॉटला धरून उभ्या राहा, परवानगी असेल तर चाला. कुणी तरी कमरेवर तळहाताचा जोर देत राहिलं तर खूप फरक पडतो. भूलतज्ज्ञ उपलब्ध असतील तर पाठीतल्या इंजेक्शनबद्दल, एपिड्युरलबद्दल, आधीच विचारून ठेवा. त्यानं सिझरची शक्यता वाढत नाही आणि पाठ जन्मभर दुखत नाही. वेदना कमी करून मागण्यात कमीपणा कसला?

सोबत कोण असावं, हेही आधी ठरवा. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यातही बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. आई असो, मोठी जाऊ असो, जी घाबरून रडणार नाही तीच आत असावी.

आतून तपासताना दुखलं तर "थांबा" म्हणा, पडदा ओढायला सांगा, शंका असेल तर विचारा. बायका लाजेपोटी डॉक्टरांना त्रास सांगत नाहीत आणि सोसत राहतात, हे डॉ. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी सांगितलं होतं. आजच्या सीपीआर रुग्णालयाच्या, म्हणजे तेव्हाच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर कोल्हापूर संस्थानानं त्यांना नेमलं. पण रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. त्या ज्या लाजेबद्दल बोलल्या ती आजही माझ्या टेबलवर रोज दिसते. "दुखतंय" म्हणायलाही मुली सासूकडे बघतात.

बाहेर बसलेल्या माणसांनो, तुमच्याशीही थोडं बोलायचं आहे. रात्री दोनला "अजून कसं झालं न्हाई? सिझर करून टाका" असा धोशा लावू नका. तोंड पाच-सहा सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ संथच असतो. बाळाचे ठोके चांगले, आईची तब्येत ठीक, तर थांबण्यात नुकसान नाही. पाणी फुटल्यावर पुरेसं सलाईन चालवूनही, बारा ते अठरा तासांत काहीच पुढे सरकलं नाही, तरच आम्ही प्रयत्न थांबवायचा विचार करतो. पण बाळाचे ठोके पडायला लागले किंवा पाण्यात दाट हिरवा मळ दिसला आणि डॉक्टर आत्ता सिझर म्हणाले, तर मामांना विचारून सांगतो म्हणत तास घालवू नका. सहीचं कोण बघणार ते आधीच ठरवा. सिझर झालं म्हणून त्या मुलीला कुणी "जोर लावला न्हाई" म्हणू नये, तिथे जोराचा संबंधच नसतो. ४१ आठवड्यांना कळा आणल्यानं सिझर वाढतात हा समजही खरा नाही. नुसती वाट बघत बसण्यापेक्षा ते थोडे कमीच होतात, असं आजवरचे अभ्यास सांगतात.

लांबलेल्या बाळंतपणानंतर पिशवी थकते आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वार पडल्यावर दोन तास तरी बाळंतिणीला एकटं सोडू नका. पॅड भराभर भिजतंय असं वाटलं तर लगेच हाक मारा. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या. मध-साखर चाटवू नका.

आणि भरतीची तारीख मिळाली म्हणून तोपर्यंत निर्धास्त राहू नका. दिवस भरले की बाळ कमी हलतं, हे साफ चुकीचं आहे. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सोमवारी बोलावलंय म्हणून शनिवारी घरी थांबू नका. त्याच रात्री १०८ ला फोन करा आणि निघा.