मंडईजवळचा शिंजीर

इंग्रजी पुस्तकांत हमिंगबर्ड नांवाच्या चिमुकल्या पक्ष्याचें वर्णन वाचलें म्हणजे, हा आपल्या कुंडीवर कधीं येईल, असें आमच्यापैकीं पुष्कळांस वाटतें. तो येणार नाहीं. त्याचें घर केवळ अमेरिका खंडांत आहे. परंतु फुलांतील मध पिणारा आपला शिंजीर मंडईच्या गजबजाटांतहि नित्य येतो, ह्याकडे मात्र आमचें लक्ष नसतें.

1886 सालीं खुल्या झालेल्या मंडईभोंवतीं वस्ती इतकी दाट कीं, बागेस जागा कोठून असणार? तरीहि गॅलरींत जास्वंदीची एक कुंडी असली तरी शिंजिरास पुरते. हा पक्षी लांबीनें अवघा दहा सेंटिमीटर. विणीच्या दिवसांत जांभळ्या शिंजिराचा नर दुरून काळा दिसतो आणि ऊन पडतांच निळाजांभळा झळकूं लागतो. मादी वरून मळकट व पोटाशीं पिवळसर. हमिंगबर्ड व शिंजीर ह्यांचें जवळचें नातें नाहीं. तो हवेंत तरंगत मध पितो. हा शक्य तों डहाळीवर बसून बांकदार चोंच फुलांत घालतो. फूल फार खोल असल्यास बुडाशींच भोंक पाडून मध चोरावयासहि तो कचरत नाहीं!

जास्वंद, कर्दळ व डाळिंब हीं कुंडींत होतात. ज्यांस अंगण आहे त्यांनीं शेवगा किंवा केळ लावावी. मंडईंत आपण केळफूल भाजीकरितां घेतों. तेंच झाडावर उमलूं लागलें कीं, त्याच्या तांबड्या पाकळीखालीं मधाची मेजवानी असते. अमेरिकेंत लोक चार भाग पाण्यांत एक भाग साखर विरघळवून तें पाणी पक्ष्यांकरितां टांगतात. आम्हींहि एकदां टांगून पाहिलें. शिंजीर आला नाहीं. मुंग्या मात्र रांगेनें आल्या, आणि चैत्रांतील उन्हानें पाणी लवकरच आंबलें. रोज बाटली धुवून पाणी बदलण्याचा नेम ज्यास पाळवत नसेल त्यानें ह्या भरीस पडूं नये. फुलांस असा नेम लागत नाहीं.

शिवाय केवळ मधावर पिल्लें वाढत नाहींत. त्यांस किडे व कोळी भरवावे लागतात. म्हणून कुंडींत विषारी औषध फवारणें म्हणजे त्यांच्या तोंडचा घांस काढणें होय. कोळ्याचें जाळें तर घरट्याचा प्राणच. मादी जाळ्याच्या धाग्यांनीं सुकें गवत, सालींचे तुकडे व कचरा एकत्र बांधून लांबट पिशवी लोंबकळत ठेवते. प्रवेशद्वार बाजूस, त्यावर लहानशी पडवी, आंत बहुधा दोन अंडीं.

हें घरटें इतकें गबाळें दिसतें कीं, दोन वर्षांपूर्वीं पाडव्याच्या साफसफाईंत आम्हीं तें जळमट समजून झाडूनें पाडलें. जमिनीवर फुटलेलीं अंडीं पाहिलीं तेव्हां काय केलें तें कळलें. मादी दिवसभर तारेवर येऊन बसत होती.

तेव्हांपासून गॅलरीच्या पूर्वेकडील कोपऱ्यास आमच्या घरांत झाडू लागत नाहीं. पाहुणे नाक मुरडतात. यंदा फाल्गुनांत एके सकाळीं मादी तेथें आली, चोंचीनें जाळ्याचा एक धागा ओढला, आणि तो घेऊन शेजारच्या वाड्याकडे निघून गेली.