छापण्यापूर्वी

चि. भाचीस,


पत्रास कारण की, जिल्हा डेस्कवर रुजू झाल्यापासून रोज पान सोडायच्या वेळी एकच पेच पडतो, असे चि. भाचीने कळवले आहे. मजकूर खरा दिसतो, लोक तो वाचणार हेही दिसते, तरी तो छापावा की नाही, हे ठरत नाही. हा पेच नवा नाही आणि त्यात भल्याभल्यांचे पाय घसरले आहेत.

1881 साली सुरू झालेल्या 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांच्या संपादकांवर दुसऱ्याच वर्षी तुरुंगाची वेळ आली, ती याच कारणाने. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, असा बोभाटा तेव्हा सर्वत्र होता. अशातच संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्या महाराजांविरुद्धच्या कटाचा पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी बर्वे यांच्यावर तोफ डागली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, माफी मागूनही संपादक आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी 101 दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढे डिसेंबर 1883 मध्ये अहमदनगर येथे बंदोबस्तात ठेवलेल्या महाराजांचा गोऱ्या रखवालदाराशी झटापट होऊन मृत्यू झाला. म्हणजे त्यांच्याविषयी वाटणारी काळजी अनाठायी नव्हती. तरीही संपादकांचा कळवळा खरा असल्याने हातातली पत्रे खरी ठरली नाहीत. ज्या कागदावर विश्वास ठेवावासा वाटतो, त्याचीच छाननी सर्वांत ढिली होते, म्हणून आपल्या बाजूचा पुरावा अधिक कडकपणे तपासावा लागतो: कागद कोणी दिला, मूळ प्रत कोणी पाहिली, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का. शेवटच्या प्रश्नासाठी रात्री साडेनऊला एकदा फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' असे लिहिणे ही पळवाट आहे, मग ती कितीही रूढ असो.

खरेपणा सिद्ध झाला तरी काम संपत नाही, हे लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत सर्वाधिक जाणवते. पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 228 अ मध्ये होता. बालकांच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले की, नाव वगळणे पुरेसे नाही, ज्या तपशिलांवरून आडवळणानेही ओळख पटेल ते तपशीलही देता येत नाहीत. डेस्कवर प्रत्यक्षात काय येते ते पाहावे: वार्ताहराने मुलीचे नाव गाळलेले असते, पण गाव, इयत्ता, वडिलांचा धंदा आणि आरोपी 'सख्खा काका' असल्याचा उल्लेख ठेवून आरोपीचे पूर्ण नाव दिलेले असते. दोनशे उंबऱ्यांच्या गावात याहून अधिक काय सांगायचे राहते? शिवाय एका पत्राने गाव दिले आणि दुसऱ्याने नाते दिले, तर दोन्ही कात्रणे शेजारी ठेवताच मुलगी ओळखू येते. म्हणून आपल्या पानापुरता विचार करून भागत नाही. अशा वेळी नाते ठेवायचे की आरोपीचे नाव, यांपैकी एकच निवडावे लागते, आणि आरोपीला 'मोकळे सोडल्या'ची टीका सोसूनही त्याचे नावच गाळणे योग्य.

छापणे आणि न छापणे यांखेरीज तिसरा मार्गही असतो, तो थांबण्याचा. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ती दृश्ये पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत राहिले. हल्लेखोर कसाबच्या अपिलावरील 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडे बोल सुनावले. कारवाई संपल्यावर तीच दृश्ये दाखवता आली असती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. 2015 पासून केबल टीव्हीच्या नियमांनुसार अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण करता येत नाही. स्पर्धेत दोन तास मागे पडण्याची भीती मालकाला अधिक असते, उपसंपादकाने ती स्वतःच्या डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन आणि चिठ्ठीतील मजकूर नको, एवढे येथे पुरे.

मात्र संयमाच्या नावाखाली दडपादडपी होऊ नये, कारण 'खासगी बाब' ही ढाल सर्वांत आधी पुढाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे हितचिंतकच उचलतात. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या 1994 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला, पण सरकारी सेवकाला आपल्या अधिकृत कामाबाबत त्या हक्काचा आडोसा घेता येणार नाही, असेही सांगितले. तहसीलदाराच्या घरातील भांडण ही बातमी नव्हे. त्याच्या सहीने गेलेली गायरान जमीन ही बातमी आहे, आणि जाहिरात बंद होईल असा निरोप वरून आला तरी ती बातमीच राहते. भारतीय प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला समज देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते, पण दंड करू शकत नाही. त्यामुळे बरेचसे निर्णय अखेर डेस्कवरच होतात.

चूक झालीच, तर खुलासा सातव्या पानाच्या तळाशी निविदांच्या गर्दीत टाकण्याचा रिवाज चि. भाचीने मोडून पाहावा: ज्या पानावर, ज्या जागी चूक छापली, त्याच जागी मूळ चूक काय होती हे स्पष्ट लिहून. वृत्तसंपादक कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावे.

मामाचे आशीर्वाद.